सोसायटी की अपार्टमेंट? आधी कागद काढा
(वाचकांचे प्रश्न : फ्लॅट, इमारत आणि कायदा)

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच घोळ आहे. इमारत 'अपार्टमेंट' कायद्याखाली नोंदलेली, आणि कारभार 'सोसायटी'चे नियम लावून चाललेला. किंवा याच्या उलट. गेटवरच्या पाटीवर काय लिहिले आहे त्याला काही अर्थ नाही. तुमच्याकडे भाग प्रमाणपत्र आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक असेल, तर तुम्ही १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखाली आहात. बिल्डरने इमारतीचे घोषणापत्र नोंदवून प्रत्येकाला अपार्टमेंट डीड करून दिले असेल, तर १९७०चा अपार्टमेंट मालकी कायदा लागू. मराठवाड्यात तिसराही प्रकार भरपूर आहे. फ्लॅटचे नुसते खरेदीखत झालेले असते, त्यात 'जमिनीतील अविभक्त हिश्शासह' असे शब्द असतात, पण घोषणापत्रही नाही आणि संस्थाही नाही. तिथे वर्गणी गोळा करणारी समिती कायद्याच्या नजरेत जवळजवळ अस्तित्वातच नसते. पुढची उत्तरे वाचताना आपण या तिन्हींपैकी कुठे बसतो ते आधी ठरवा.

प्रश्न : आमच्या इमारतीत २४ फ्लॅट आहेत. १२ वन बीएचके, ८ टू बीएचके, ४ थ्री बीएचके. सगळ्यांकडून महिना १,६५० रुपये सारखाच मेंटेनन्स घेतात. उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे, तेही सारखेच. माझा वन बीएचके आहे. विचारले तर समितीवाले म्हणतात, 'सगळ्या सोसायट्यांत असंच असतं, लिफ्ट काय लहान-मोठी वापरता का?' आमच्याकडे अपार्टमेंट डीड आहे. — एक वाचक, लातूर

उत्तर : डीड आहे म्हणता, तर समितीचे म्हणणे तुमच्या इमारतीला लागू नाही. सहकारी सोसायटीत सेवा शुल्क सर्व सभासदांना समान असते, हे खरे. पण अपार्टमेंट कायद्याच्या कलम १० प्रमाणे सामाईक खर्च ज्याच्या-त्याच्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीने वाटायचा असतो. २०२५ मध्ये पुण्याच्या एका संकुलाच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. तिथे मोठ्या फ्लॅटवाल्यांचा मुद्दा तुमच्या समितीसारखाच होता, की सुविधा सगळे सारख्याच वापरतात. उपनिबंधकांनी तो २०२१ मध्ये फेटाळला, २०२२ मध्ये सहकार न्यायालयाने अपील फेटाळले आणि शेवटी उच्च न्यायालयानेही तो मानला नाही.

आता हिशेब. समजा कार्पेट क्षेत्र ४००, ६०० आणि ९०० चौरस फूट आहे आणि हिस्सा त्याच प्रमाणात धरला आहे. १२ × ४०० = ४,८००, ८ × ६०० = ४,८००, ४ × ९०० = ३,६००, एकूण १३,२००. म्हणजे तुमचा हिस्सा ३.०३ टक्के, टू बीएचकेचा ४.५५ आणि थ्री बीएचकेचा ६.८२. सध्या महिन्याला गोळा होतात १,६५० × २४ = ३९,६०० रुपये. तेवढाच खर्च हिश्शाने वाटला, तर तुम्हाला १,२००, टू बीएचकेला १,८०० आणि थ्री बीएचकेला २,७०० रुपये येतात. म्हणजे दर महिन्याला तुमच्याकडून ४५० रुपये जास्तीचे जात आहेत.

पण हा हिशेब घेऊन लगेच सभेत जाऊ नका. इथे बरेच जण फसतात. कायद्यातला हिस्सा क्षेत्रफळावर नसून मूल्यावर असतो : तुमच्या फ्लॅटचे मूल्य भागिले साऱ्या मालमत्तेचे मूल्य. तळमजल्यावर रस्त्याकडेची दुकाने असतील, तर २०० फुटांच्या दुकानाचा हिस्सा तुमच्या ४०० फुटांच्या घराहून जास्त निघू शकतो. शेवटचा शब्द घोषणापत्राचा. त्याच्या परिशिष्टात एक तक्ता असतो : फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्र, आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी. तुमच्या डीडमध्येही तोच आकडा असायला हवा. दोन्ही जुळवून पाहा. जुन्या डीडमध्ये टंकलेखनाच्या चुकीने ३.०३चे ३.३० झालेले आढळते. सगळ्या फ्लॅटची बेरीज १०० येत नसेल, तर मूळ कागदातच दोष आहे. तो दुरुस्तीपत्राने आधी काढावा लागेल, नाहीतर वाटपाचा प्रत्येक हिशेब वादात सापडतो.

घोषणापत्र समिती देत नसेल तर अडून राहू नका. तो नोंदणीकृत दस्त आहे. तुमच्या डीडमध्ये त्याचा दस्त क्रमांक आणि तारीख असते. त्यावरून दुय्यम निबंधक (दस्त नोंदणी) कार्यालयात शोध घेऊन प्रमाणित प्रत मागा. ती हातात आली की संघटनेला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि पुढच्या आर्थिक वर्षापासून हिश्शाप्रमाणे आकारणी करण्याची मागणी करा. ऐकले नाही तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. त्यांच्या आदेशावर अपील सहकार न्यायालयात.

'बहुमताने ठराव करून टाकू' हे उत्तर तुम्हाला नक्की मिळेल. कलम ६ प्रमाणे ही टक्केवारी कायम स्वरूपाची आहे. सर्व मालकांची संमती आणि त्यानुसार दुरुस्त करून नोंदवलेले घोषणापत्र, याखेरीज ती बदलत नाही. २४ पैकी २३ जणांनी हात वर केले तरी नाही.

टँकरचे पैसेही सामाईक खर्चातच मोडतात, म्हणून तेही हिश्शाने. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात ही रक्कम किरकोळ नसते, हे आम्ही जाणतो. आणि दोनच माणसे राहणाऱ्या थ्री बीएचकेवाल्याला हे बोचेल, तेही समजते. त्याच्यावरचा न्याय्य उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटच्या नळजोडावर मीटर बसवणे. फ्लॅटच्या आत वापरलेले पाणी मीटरने, आणि पंपाची वीज, टाकीची सफाई वगैरे हिश्शाने. हे मात्र सगळ्यांनी लेखी मान्य करून उपविधीत घालून घ्या. तोंडी समझोता पहिला फ्लॅट विकला जाईपर्यंतच टिकतो.

प्रश्न : अपार्टमेंटमधल्या एका मालकाची थकबाकी १ लाख १० हजारांवर गेली. समितीने त्याचे पाणी तोडायचे ठरवले आहे. मी तोच फ्लॅट विकत घ्यायच्या विचारात आहे. — एक वाचक, नांदेड

उत्तर : पाणी तोडू नका, आणि तोडू देऊ नका. तसा अधिकार कुठल्याच कायद्याने समितीला दिलेला नाही, आणि पोलिसांत तक्रार झाली तर पदाधिकारीच अडचणीत येतात. सोसायटीला कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि जमीन महसुलाप्रमाणे वसुली होते. तो मार्ग अपार्टमेंटला नाही. पण अपार्टमेंटच्या हातात दुसरे हत्यार आहे. कलम १९ प्रमाणे थकीत सामाईक खर्चाचा बोजा थेट त्या फ्लॅटवर चढतो. त्याच्या पुढे फक्त सरकारी-महापालिका कर आणि पहिले गहाण. त्या बोज्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावता येतो. व्याजाचा दर सोसायटीच्या उपविधीतून उचलू नका. तुमच्या स्वतःच्या नोंदवलेल्या उपविधीत आहे तेवढाच लावता येईल.

आता तुमच्या खरेदीचे. कलम २० नुसार विक्रीपर्यंतच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. म्हणून इसार देण्यापूर्वीच समितीकडून थकबाकीचे लेखी, सही-शिक्क्याचे विवरण मागा. ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे नंतर तुमच्याकडून वसूल करता येत नाहीत. ती रक्कम व्यवहाराच्या रकमेतून वळती करून थेट संघटनेच्या खात्यात भरा आणि तसा उल्लेख खरेदीखतात करा. विकणाऱ्याच्या 'मी भरून टाकतो' या शब्दावर सही करू नका.

प्रश्न : आमची सोसायटी २०११ मध्ये नोंदली. बिल्डरने अजून जमिनीचे खरेदीखत दिलेले नाही. आता तो मोकळ्या जागेत आणखी एक इमारत बांधायचे म्हणतो. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावे करून घेणे) स्वतः करता येते का? — सोसायटीच्या सचिव, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : येते, आणि त्याच्या त्या नव्या इमारतीचा नकाशा मंजूर होण्याआधी अर्ज पडला पाहिजे. जमीन जोवर बिल्डरच्या नावावर आहे, तोवर वाढीव चटईक्षेत्रावर तोच हक्क सांगणार. १९६३च्या मोफा (महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका) कायद्याच्या कलम ११ मध्ये २००८च्या दुरुस्तीने ही सोय झाली. बिल्डर सही करत नसेल, तर जिल्हा उपनिबंधक सक्षम प्राधिकारी म्हणून चौकशी करून दाखला देतात आणि एकतर्फी दस्त नोंदला जातो. कायद्याने त्यांना निर्णयासाठी कमाल ६ महिने दिलेले आहेत. वेळ लागतो तो बहुधा सोसायटीच्याच अर्धवट कागदांमुळे.

सुरुवात विशेष सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करा. अर्ज कोणी करायचा, वकील कोण, खर्च किती, हे त्यात स्पष्ट हवे. मग बिल्डरला आणि मूळ जमीनमालकाला नोटीस द्या. विकसन करारावर बांधलेल्या इमारतीत जमीनमालक वेगळा असतो आणि त्याला विसरणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. त्याला पक्षकार केलेले नसेल तर दाखला मिळूनही पुढे अडतो. तो वारला असेल तर सगळे वारस पक्षकार करा. अर्ज नमुना ७ मध्ये, २,००० रुपयांच्या कोर्ट फी तिकिटासह. सोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, प्रत्येक फ्लॅटचा नोंदणीकृत करार व त्याची सूची-२ (नोंदणीचा उतारा), मंजूर रेखांकन आणि बांधकाम नकाशा, ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, अकृषिक आदेश, नोटीस आणि तिची पोच, आणि दस्ताचा मसुदा. भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून थांबू नका, त्याबद्दल संस्थेचे स्वयंघोषणापत्र जोडता येते. एका रेखांकनात अनेक इमारती असतील, तर तुमच्या इमारतीच्या वाट्याला किती जमीन येते त्याचा वास्तुविशारदाचा दाखला लागतो. तुमच्या प्रकरणात भांडण याच दाखल्यावर होणार. मंजूर नकाशात मोकळी जागा म्हणून दाखवलेला भाग कोणत्याही इमारतीच्या वाट्यात बसवलेला नाही, हे स्वतः नकाशा समोर ठेवून तपासा.

सुनावणीला बिल्डर येत नाही, हे नेहमीचे. तरी प्रत्येक तारखेला हजर राहा. दाखला मिळाला की काम संपले, असे समजून पेढे वाटणाऱ्या सोसायट्या आहेत. तो दाखला म्हणजे अर्धा रस्ता. पुढे मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयाला, म्हणजे मुद्रांक शुल्क किती ते ठरवायला, जातो. ज्यांच्या करारांवर पूर्वी पूर्ण मुद्रांक भरलेला आहे त्यांची वजावट मिळते, म्हणून जुन्या करारांवरचा मुद्रांक आत्ताच तपासा. कमी भरलेला असेल तर त्याचा फरक व दंड तिथेच निघतो. मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणी. आणि सगळ्यात शेवटी फेरफार. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव दिसेपर्यंत फाइल बंद करू नका.

मराठवाड्यात या फेरफारावरच गाडी अडते आणि त्याची कारणे जमिनीच्या इतिहासात आहेत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' लिहिलेले असेल, तर ती जमीन बहुधा इनामाची किंवा शासनाने दिलेली असते आणि पूर्वपरवानगी, नजराणा (शासनाला भरायची रक्कम) हे प्रश्न येतात. मदतमाश (व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेल्या) इनामांसाठीचा नजराणा ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. तुमची जमीन त्यात बसत असेल तर आधी तहसील कार्यालयातून ते नियमित करून घ्या. जमीन देवस्थानाच्या सेवेसाठीच्या खिदमतमाश प्रकारातली असेल, तर ही सवलत गृहीत धरू नका. प्लॉट गुंठेवारीतला असेल तर २००१च्या गुंठेवारी कायद्याखालचे नियमितीकरण प्रमाणपत्र हवे. २०२१च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली गेली आहेत. आणि सिडकोच्या भागात असाल, तर जमीन भाडेपट्ट्याची आहे का ते पाहा. तिथे तुम्हाला मालकी नव्हे, भाडेपट्ट्याचे हक्क हस्तांतरित होतील आणि दस्ताचा मसुदाही तसाच करावा लागेल. इथे एक आग्रहाची विनंती : अर्ज करण्यापूर्वी १९५०च्या दशकापर्यंत मागे जाऊन खासरा पाहणी पत्रक आणि जुने फेरफार काढा. दोन-तीन हजार रुपयांत आणि आठवडाभरात होणारे हे काम पुढची कित्येक वर्षे वाचवते.

प्रश्न : बिल्डरने इमारतीखालची पार्किंगची जागा १०० रुपयांच्या बाँडवर दीड लाखाला शेजारच्या दुकानदाराला विकली. तो आमच्या इमारतीत राहतही नाही. — परभणी

उत्तर : त्या बाँडला किंमत नाही. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोफाखालच्या प्रकरणात स्पष्ट केले, की स्टिल्ट (खांबांवरच्या इमारतीखालची) पार्किंग म्हणजे 'गॅरेज' नव्हे. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्यातही उघडी पार्किंग सामाईक क्षेत्रातच धरली आहे. तिन्ही बाजूंना भिंती आणि वर छत असलेल्या, मंजूर नकाशात दाखवलेल्या गॅरेजची गोष्ट वेगळी.

तुमची सोसायटी असेल तर पार्किंगचे वाटप सर्वसाधारण सभा करते. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून. अपार्टमेंट असेल तर घोषणापत्रात कुठली जागा कोणत्या फ्लॅटसाठी 'मर्यादित सामाईक' म्हणून राखली आहे ते पाहा. दोन्हींत बाहेरच्याला जागा नाही. मंजूर नकाशाची प्रत जोडून दुकानदाराला लेखी कळवा. त्याने आपले पैसे बिल्डरकडे मागावेत.

प्रश्न : वडील वारले. सोसायटीत नामनिर्देशन थोरल्या भावाच्या नावे होते. तो म्हणतो फ्लॅट आता त्याचाच. आई, थोरला धरून आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण आहोत. मृत्युपत्र नाही. — जालना

उत्तर : नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीने सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळे प्रकरण आले. त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीला फक्त तात्पुरते सभासद करून घेतात, खरे वारस सभासद होईपर्यंत. तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू असेल आणि फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा असेल, तर आई, दोन मुलगे आणि मुलगी यांना प्रत्येकी एक चतुर्थांश. आजी हयात असेल तर तिचाही सारखा वाटा, मग प्रत्येकी एक पंचमांश. बहिणीचे लग्न झाले म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही.

घरात एकमत असेल तर सगळ्या वारसांनी मिळून कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त करावा, तो सोसायटी स्वीकारते. कुणी हिस्सा सोडणार असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवे. साध्या कागदावरची 'माझी हरकत नाही' पुढे विक्रीच्या वेळी बँक मानत नाही. एकमत नसेल तर न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्या, आणि तोवर फ्लॅट विकायला ना-हरकत देऊ नये असे सोसायटीला आजच लेखी कळवून पोच ठेवा.

प्रश्न : ताबा मिळून साडेतीन वर्षे झाली. वरच्या स्लॅबमधून गळते, बिल्डर 'गॅरंटी संपली' म्हणतो. सहा फ्लॅटची छोटी इमारत आहे. — बीड

उत्तर : प्रकल्प महारेरात (रेरा कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे) नोंदलेला असेल, तर बांधकामातल्या दोषाची जबाबदारी ताब्यापासून ५ वर्षे बिल्डरवर आहे. कळवल्यापासून ३० दिवसांत त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचे. नाही केले तर ५,००० रुपये शुल्क भरून महारेराकडे ऑनलाइन तक्रार करा.

पण तुमची अडचण इमारतीच्या आकारात आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत, किंवा फ्लॅट ८ पर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही. बीड, धाराशिव, हिंगोलीसारख्या गावांतल्या बहुतेक इमारती याच मापात बसवलेल्या दिसतात. महारेराच्या संकेतस्थळावर नाव शोधा. नसेल तर मोफा लागू. त्यातली मुदत ताब्यापासून ३ वर्षांची आहे, आणि ती तुमच्याबाबत उलटली. त्या ३ वर्षांत तुम्ही व्हॉट्सअॅपवर का होईना पण गळतीबद्दल बिल्डरला कळवले होते का, हे शोधा. तसा एकही संदेश सापडला तर दोष मुदतीत दिसला होता हे सिद्ध होते. ग्राहक आयोगाकडेही जाता येते, कारण उद्भवल्यापासून २ वर्षांत.

दाद कुठेही मागा, पुरावा आत्ताच गोळा करा. ओल आलेल्या भागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहा, दर पंधरा दिवसांनी नवी रेघ, प्रत्येक वेळी फोटो. पावसाळ्यात वाढते की बारमाही तेवढीच राहते, यावरून गच्चीचे वॉटरप्रूफिंग गेले की वरच्याची नळजोडणी फुटली ते कळते. नळजोडणी निघाली तर बिल्डरशी भांडण्यात अर्थ नाही, तो प्रश्न वरच्या मजल्याचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल येईपर्यंत स्वतः डागडुजी करू नका. रंग देऊन झाकलेली ओल आयोगापुढे दाखवता येत नाही.